स्वादुपिंडाचा दाह आणि रोग्याचे अन्न

घरात कोणी आजारी पडले की औषधाची काळजी डॉक्टरांनी वाहावयाची आणि अन्नाची काळजी घरच्या माणसांनी, अशी कामाची वाटणी आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. गोळी कोणती व किती द्यावयाची हे आजीला ठाऊक नसते. परंतु रोग्याला आज भात द्यावा की पेज, ताक चालेल की नाही, लोणच्याची फोड जिभेला लावू द्यावी की नाही, याविषयी तिचे मत ठाम असते. या मताच्या मुळाशी दोन समजुती असतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली लंघनाची: पोट बिघडले की त्याला विसावा द्यावा, उपाशी ठेवावे, म्हणजे ते आपोआप ताळ्यावर येते. दुसरी पेजेची: देह अन्नावर उभा आहे, पोटात काही गेल्यावाचून अंगात त्राण कोठून येणार? आमच्या कोकणीत तर पेज पीत नाहीत, जेवतात; इतका तिला पूर्णान्नाचा मान आहे. उकड्या तांदळाची मऊ पेज, मिठाचा खडा आणि कडेला थोडे तोंडीलावणे, एवढे रोग्याच्या पोटात गेले की घरातील बायकांचा जीव भांड्यात पडतो.

लंघन खरे की पेज खरी, हा वाद केवळ स्वयंपाकघरातला नाही. मोठमोठ्या रुग्णालयांत नामांकित डॉक्टरही गेली काही दशके याच प्रश्नाचा काथ्याकूट करीत आले आहेत. आणि तोही अशा एका रोगाच्या संदर्भात, की ज्यात प्रत्यक्ष अन्न पचविणारे इंद्रियच पेटलेले असते. त्या रोगाचे नाव स्वादुपिंडाचा तीव्र दाह. डॉक्टर त्याला ॲक्यूट पॅन्क्रिएटायटिस म्हणतात. आम्ही कला शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. तथापि एक जुना, तर्काला पूर्णपणे पटणारा नियम कसोटीवर घासून पाहिला असता कसा बदलला, याची ही कथा विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी समजून घेण्यासारखी आहे, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम या इंद्रियाची ओळख करून घेऊ. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे, आडवे पसरलेले, सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि वजनाने १०० ग्रॅमच्या आसपास असे हे पिंड असते. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वाकणात, म्हणजे ग्रहणीच्या कुशीत बसलेले असते आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत जाते. पॅन्क्रियाज हे त्याचे युरोपीय नाव ग्रीक भाषेतून आले. त्याचा अर्थ ‘सगळे मांसच’. जुन्या शवविच्छेदकांना त्यात ना हाड दिसले ना कूर्चा, म्हणून हे नाव पडले. हे पिंड करते काय, हे मात्र पुष्कळ काळ कोणालाच ठाऊक नव्हते. १६४२ मध्ये इटलीतील पादुआ येथे विर्सुंग नावाच्या जर्मन शवविच्छेदकाला या पिंडाच्या लांबीतून जाणारी एक नळी आढळली. तिचे चित्र त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि त्याचे ठसे निरनिराळ्या विद्वानांना पाठवून विचारले, की ही नळी कशासाठी असावी? पुढे १६६४ मध्ये हॉलंडमधील द ग्राफ या तरुण संशोधकाने पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी कुत्र्याच्या त्या नळीत बसवून तिच्यातून पाझरणारा रस गोळा केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की स्निग्ध पदार्थ पचविण्याचे मोठे काम हाच रस करतो.

आज आपल्याला माहीत आहे, की स्वादुपिंड दोन कामे करते. त्यातील काही पेशीपुंज इन्शुलिन तयार करून ते थेट रक्तात सोडतात. मधुमेहाचा संबंध या कामाशी येतो. दुसरे काम पचनाचे. निरोगी माणसाचे स्वादुपिंड रोज सुमारे दीड लिटर रस आतड्यात सोडते. हा रस क्षारधर्मी असल्यामुळे जठरातून आलेल्या अन्नाचा आंबटपणा तो मारतो. शिवाय त्यात तीन प्रकारची पाचक द्रव्ये असतात. भातातील पिष्ट फोडणारे अमायलेज, तुपातेलातील चरबी फोडणारे लायपेज आणि डाळीमासळीतील प्रथिने फोडणारे ट्रिप्सिन, ही त्यांतील प्रमुख होत.

आता विचारी विद्यार्थ्याच्या मनात एक शंका सहज येईल. मांस पचविणारे द्रव्य जर या पिंडातच तयार होते, तर ते या पिंडालाच का पचवून टाकीत नाही? कारण तेही अखेर मांसच ना? याचे उत्तर मोठे मनोहर आहे. स्वादुपिंडात ट्रिप्सिन तयार होते ते निद्रिस्त अवस्थेत. या निद्रिस्त द्रव्याला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. म्यानात असलेल्या तलवारीसारखे ते निरुपद्रवी असते. ते ग्रहणीत पोहोचले, की तेथील अस्तरातून निघणारे दुसरे एक द्रव्य त्याचे म्यान काढून घेते आणि मगच ते कामाला लागते. एखादी तलवार चुकून आतच म्यानाबाहेर आली, तर तिला आवरण्यासाठी पिंडात एक प्रतिबंधक द्रव्यही सज्ज असते. अशी दुहेरी खबरदारी निसर्गाने घेतलेली आहे.

परंतु कधी कधी ही खबरदारी अपुरी पडते. पित्ताशयातील एखादा खडा घसरत येऊन पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका जेथे एकत्र येतात त्या तोंडाशी अडकतो, किंवा दीर्घकाळ केलेल्या मद्यपानाने पेशी दुखावतात. मग पाचक द्रव्ये पिंडातच जागी होतात आणि आपल्याच घराला आग लावतात. या रोगाच्या मुळाशी असे आत्मपचन असावे, ही कल्पना हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये मांडली. आणि अडकलेल्या खड्याचा पुरावा १९०१ मध्ये अमेरिकेतील युजीन ओपी यांनी शवविच्छेदनातून पुढे आणला. खडे आणि मद्य ही जगभर आढळणारी दोन मुख्य कारणे. यांखेरीज रक्तातील चरबीचे प्रमाण बेसुमार वाढणे, काही औषधे, गालगुंडासारखे विषाणुजन्य रोग हीही कारणे असू शकतात. मुलांच्या बाबतीत पोटावर बसलेला जोराचा मार हे एक महत्त्वाचे कारण आहे. सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटात घुसून स्वादुपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या पुस्तकांत नमूद आहेत. सायकल दामटणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि असा मार बसून पोट दुखू लागले तर ते घरी लपवू नये.

या रोगाची लक्षणे सामान्यतः अशी: पोटाच्या वरच्या भागात एकाएकी तीव्र कळ येते, ती पुष्कळदा पाठीपर्यंत भिनते, पुढे वाकून बसले तर किंचित बरे वाटते, आणि उलट्या होतात. अशा वेळी ओवा, सोडा, हिंग असले घरगुती उपाय करीत तासन् तास घालवू नयेत. रोग्याला तडक रुग्णालयात न्यावे. तेथे रक्तातील अमायलेज व लायपेज यांचे मान तपासतात आणि जरूर पडल्यास पोटाचे चित्र घेतात. सुमारे पाच रोग्यांपैकी चौघांत हा दाह सौम्य असतो व काही दिवसांत शमतो. उरलेल्या एकात मात्र तो उग्र रूप धारण करतो. पिंडाचा काही भाग मरतो, मूत्रपिंडे व फुप्फुसे थकतात, आणि जिवावर बेतते. म्हणूनच सौम्य की उग्र, हा निवाडा घरी करण्याचा नसून रुग्णालयात व्हावयाचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असा रोगी दाखल झाला असता त्याला खावयास द्यावे की न द्यावे? विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात याचे उत्तर एकच होते: तोंडाने काहीही द्यावयाचे नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. शिरेतून सलाईन चालू ठेवावयाचे, कळ पूर्ण थांबेपर्यंत आणि रक्ताची तपासणी पूर्ववत होईपर्यंत थांबावयाचे, मग प्रथम पाणी, नंतर पातळ पेय, नंतर मऊ अन्न आणि शेवटी नेहमीचे जेवण, अशा पायऱ्या चढावयाच्या. या क्रमात कित्येकदा आठवडा जाई.

या नियमाला आधार नव्हता असे मुळीच नाही. १९०२ मध्ये लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी एक विलक्षण शोध लावला. आंबट झालेले अन्न ग्रहणीत शिरले, की तिच्या अस्तरातून एक द्रव्य रक्तात उतरते. ते रक्ताबरोबर फिरत स्वादुपिंडापर्यंत पोहोचते आणि ‘रस सोड’ असा निरोप देते. या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन असे नाव दिले. अशा निरोप्या द्रव्यांना आज आपण हॉर्मोन म्हणतो. तो शब्दही स्टार्लिंग यांनीच १९०५ मध्ये रूढ केला. या शोधावरून निघणारे अनुमान उघड होते. अन्न आतड्यात गेले की स्वादुपिंड कामाला लागते. दाह झालेल्या इंद्रियाला कामाला लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे. म्हणून अन्न बंद. मोडलेल्या पायावर भार देत नाहीत, तसेच हे. तर्क इतका सरळ होता, की त्याची परीक्षा घ्यावी असे कोणाला फारसे वाटले नाही. आणि आपल्याकडील लंघनाच्या समजुतीशीही तो नेमका जुळत असल्यामुळे रोग्याच्या नातेवाइकांनाही तो पटकन पटे.

परंतु या सरळ तर्कात दोन गोष्टी नजरेआड झाल्या होत्या. पहिली अशी, की दाह झालेले स्वादुपिंड निरोगी पिंडाप्रमाणे वागत नाही. पुढे प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा दिसून आले, की तीव्र दाहात पाचक रस आतड्यात येण्याचे प्रमाण मुळातच घटलेले असते. जो नोकर आजारी पडून निजला आहे, त्याला हाक मारली तरी तो उठून कामाला लागत नाही. तेव्हा अन्नाच्या निरोपाने त्याच्यावर जो भार पडेल म्हणून भीती होती, ती बरीचशी अनाठायी ठरली.

दुसरी गोष्ट आतड्याची. आतडे म्हणजे अन्न वाहून नेणारी नुसती नळी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते एक तटबंदीचे शहर आहे. त्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात, आणि त्या अस्तरातील पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत बदलून नव्या येतात. या पेशींचे पोषण केवळ रक्तातून होत नाही. समोरून वाहत जाणाऱ्या अन्नातूनही त्या आपला वाटा उचलतात. आतड्याच्या पोकळीत अगणित जंतू वसती करून असतात. तटबंदी शाबूत आहे तोवर ते आपल्या जागी राहतात. परंतु आजारात आतडे रिकामे पडून राहिले, की अस्तर रोडावते, आतड्याची हालचाल मंदावते, आणि तटाला पडलेल्या फटींतून जंतू आत शिरून स्वादुपिंडाच्या मृत भागापर्यंत पोहोचू शकतात. उग्र दाहात रोगी दगावण्याचे एक प्रमुख कारण हाच जंतुसंसर्ग असतो. म्हणजे ज्या उपवासाने स्वादुपिंडाचे रक्षण व्हावे अशी अपेक्षा, त्याच उपवासाने त्याच्यावर शत्रू सोडला जाण्याचा संभव होता.

यावर मधला एक मार्ग निघाला. आतड्याला हात न लावता मोठ्या शिरेतून थेट रक्तात पोषक द्रव्ये सोडावयाची. याने रोग्याची उपासमार टळली; पण आतडे रिकामेच राहिले, शिवाय शिरेतील नळीवाटे जंतू शिरण्याची नवी भीती उत्पन्न झाली. १९९७ मध्ये ग्रीसमधील डॉक्टरांनी उग्र दाहाच्या ३८ रोग्यांवर केलेली तुलना प्रसिद्ध झाली. काहींना शिरेतून पोषण दिले, तर काहींना नाकातून घातलेल्या नळीवाटे आतड्यात अन्न दिले. आतड्यात अन्न मिळालेल्यांत जंतुसंसर्गाचे उपद्रव कमी आढळले आणि खर्चही कमी आला. ‘आतड्याला काम देऊ नका’ या नियमाला लागलेला हा मोठा धक्का होता.

अशा तुलना कशा करतात, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. समजा, डॉक्टरांनी बऱ्या दिसणाऱ्या रोग्यांना जेवण दिले आणि अत्यवस्थ रोग्यांना उपाशी ठेवले. जेवलेले लवकर बरे होतील यात नवल नाही. ते मुळातच बरे होते! म्हणून रोग्याची निवड डॉक्टरच्या मर्जीवर ठेवीत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे केवळ योगायोगाने दोन गट पाडतात, एका गटाला एक पद्धत व दुसऱ्याला दुसरी लावतात, आणि अखेरीस दोन्ही गटांचा हिशेब मांडतात. अर्थात रोग्याची संमती घेऊनच हे करावयाचे असते. वरकरणी साधी दिसणारी ही युक्ती आधुनिक वैद्यकाची तराजू आहे.

या तराजूत उपवासाचा नियम घालून पाहिला गेला. स्वीडनमधील लुंड येथे सौम्य दाहाच्या ६० रोग्यांचे असे दोन गट केले. एका गटाला रूढीप्रमाणे उपाशी ठेवले. दुसऱ्याला झेपेल तसे लगेच खाण्यास मोकळीक दिली. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खाणाऱ्यांचे दुखणे वाढले नाही, उलट त्यांचा रुग्णालयातील मुक्काम सहा दिवसांवरून चार दिवसांवर आला. त्याच वर्षी बोस्टन येथील १२१ रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. तेथे प्रश्न होता पायऱ्यांचा: पहिले जेवण नितळ पेयाचेच असावे, की कमी चरबीचे साधे घन अन्न चालेल? घन अन्न घेणाऱ्यांना त्रास अधिक झाला नाही. उलट पोटात पोषण मात्र अधिक गेले. म्हणजे पाणी, मग पेज, मग भात ही चढण प्रत्येकाने चढलीच पाहिजे असे नाही. आपल्या आयुर्वेदातही शोधनकर्मानंतर पेया, विलेपी, यूष असा चढता आहारक्रम सांगितलेला आहे, आणि आजीची पेज त्याच परंपरेतील. तो क्रम जिभेला व मनाला सुखाचा असेल. परंतु या रोगात तो अपरिहार्य नाही, एवढेच या प्रयोगातून दिसते. पुढे २०२१ मध्ये स्पेनमधील काही रुग्णालयांतून आलेल्या निष्कर्षातही, सौम्य व मध्यम दाहाच्या रोग्यांना दाखल होताच कमी चरबीचे अन्न देऊ केल्यास मुक्काम लक्षणीय रीतीने घटतो, असेच आढळले.

उग्र दाहाचे काय? तेथे डच डॉक्टरांचा प्रयोग विशेष उद्बोधक आहे. १९ रुग्णालयांतील २०८ रोग्यांवर झालेला हा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दाह उग्र होण्याचा धोका ज्यांच्यात अधिक, असेच रोगी त्यात घेतले होते. एका गटाला २४ तासांच्या आत नाकातील नळीने अन्न सुरू केले. दुसऱ्या गटाला ७२ तासांनंतर तोंडाने खाऊ दिले, आणि ज्यांना ते जमले नाही त्यांनाच नळी घातली. नळीची घाई केल्याने जंतुसंसर्ग वा मृत्यू कमी झाले नाहीत. आणि दुसऱ्या गटातील शंभरातील ६९ रोग्यांना नळीची गरजच पडली नाही. ते तोंडानेच जेवू शकले. म्हणजे लवकर अन्न चांगले म्हणून सर्वांच्याच नाकात घाईने नळी घालावी, हाही अतिरेकच ठरला. रोग्याला जमत असेल तर त्याचे तोंड हीच सर्वांत उत्तम नळी!

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे. नळी घालावयाची झाल्यास ती आतड्यात खोलवर न्यावी, म्हणजे स्वादुपिंड चाळवणार नाही, असे पूर्वी मानीत. अशी खोल नळी बसविणे कौशल्याचे व खर्चाचे काम. लहान रुग्णालयांना ते सहज साधणारे नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी उग्र दाहाच्या ३१ रोग्यांवर ही खोल नळी आणि जठरापर्यंतच जाणारी साधी नळी यांची तुलना करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की साधी नळीही तितकीच उपयोगी पडते. प्रयोग लहान होता. पण आपल्यासारख्या देशातील रुग्णालयांच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे.

या सर्वांचा परिणाम म्हणून अमेरिकेतील पचनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट शिफारस केली, की झेपत असेल तर अशा रोग्याला २४ तासांच्या आत तोंडाने अन्न सुरू करावे. केवळ रूढी म्हणून उपाशी ठेवू नये. या शिफारशीतील ‘झेपत असेल तर’ हे शब्द अत्यंत महत्त्वाचे आहेत. ज्याला सारख्या उलट्या होत आहेत, ज्याचे आतडे निपचित पडून पोट फुगले आहे, जो शुद्धीवर नाही, त्याच्या तोंडात घास कोंबणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ करणे होय. रक्तातील चरबी वाढल्याने ज्याला हा रोग झाला, त्याच्या आहाराचे नियमही वेगळे असतात. आणि अन्न सुरू झाले म्हणून मूळ कारण नाहीसे होत नाही. पित्ताशयात खडे असतील तर त्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. मद्य कारण असेल तर ते कायमचे सुटलेच पाहिजे. नाही तर हा पाहुणा पुन्हा दारात उभा राहतो.

हे सर्व घरच्या माणसांनी समजून घेणे का आवश्यक, याचे एक उदाहरण आमच्या परिचयाच्या कुटुंबातील आहे. घरचे कर्ते काका या रोगाने रुग्णालयात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ कमी झाली, त्यांना भूक लागली, आणि डॉक्टरांनी मऊ भात व बिनफोडणीचे वरण देण्यास सांगितले. काकूंनी डबा आणला, पण तो उशाशी तसाच झाकून ठेवला. विचारले तेव्हा म्हणाल्या, “आमच्या भावोजींना हेच दुखणे झाले होते. तेव्हा आठ दिवस पाणीसुद्धा दिले नव्हते. आता दुसऱ्याच दिवशी भात? काही बरेवाईट झाले म्हणजे?” डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण धीराच्या. त्या खुर्ची ओढून काकूंजवळ बसल्या व म्हणाल्या, “काकू, तुमच्या भावोजींना ज्यांनी उपाशी ठेवले, त्यांनी त्या वेळचे ज्ञान पाळले. त्यांचे काही चुकले नाही. आज आम्हांला थोडे अधिक कळले आहे. तुम्ही दोन घास द्या, मी इथेच आहे. दुखले तर थांबू.” काकांनी दोन घास घेतले, मग आणखी चार. काही दुखले नाही.

काकूंची भीती खोटी नव्हती; ती मायेपोटी आलेली होती. परंतु अशा मायेमुळेच दोन्ही बाजूंनी घात होऊ शकतो. कोणी भीतीने रोग्याचा घास अडवितो. तर कोणी दयेने, ‘उपाशी कसा ठेवावा’ म्हणून, डॉक्टरांची नजर चुकवून उलट्या होत असलेल्या माणसाला तुपाचा शिरा भरवितो. दोन्ही टाळण्याचा मार्ग एकच: विचारावे. “यांना खावयास केव्हा द्यावयाचे? काय द्यावयाचे? काय झाले तर थांबावयाचे?” हे तीन प्रश्न नातेवाइकांनी डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावेत. डॉक्टर उपाशी ठेवण्यास सांगत असतील तर त्याचे कारणही नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. या रोग्याच्या बाबतीत तसे सबळ कारण असू शकते, आणि ते कळले म्हणजे पाळणे सोपे जाते. अन्न सुरू करावयाचे ठरले, की ते थोडे थोडे, वरचेवर आणि कमी चरबीचे असावे: मऊ भात, पातळ वरण, इडली, उकडलेली भाजी, साय काढलेल्या दुधाचे ताक. तळण, खोबऱ्याचा दाट रस, तुपाची धार ही काही दिवस दूर राहिलेली बरी. गोमंतकीय घरात आमटीतून नारळ वगळणे ही शिक्षाच. पण ती थोड्या दिवसांची असते.

विद्यार्थ्यांना जाता जाता एवढेच सांगावेसे वाटते. उपवासाचा नियम ज्यांनी घातला ते अज्ञ नव्हते. त्यांच्या हाती एक खरा शोध होता आणि त्यावरून त्यांनी काढलेले अनुमान सुसंगत होते. उणीव होती ती एकाच गोष्टीची: ते अनुमान रोग्याच्या खाटेपाशी पडताळून पाहिलेले नव्हते. भूमितीत सिद्धान्ताची सिद्धता कागदावर पुरी होते. देहाच्या बाबतीत मात्र कागदावरची सिद्धता अर्धीच असते, उरलेली अर्धी प्रयोगाने द्यावी लागते. आणि ज्या कोणी ‘आजवर असेच चालत आले आहे’ यावर न थांबता भुकेल्या रोग्याला दोन घास देऊन काय होते ते काळजीपूर्वक पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले, त्यांच्यामुळे आज असंख्य रोगी लवकर घरी परततात. तुमच्यापैकी जे पुढे वैद्यकाकडे वळतील, त्यांच्यासाठी असे न तपासलेले नियम अजून पुष्कळ शिल्लक आहेत. इतरांनी निदान एवढे करावे: घरात कोणाच्या पोटात अशी कळ उठली तर वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे, आणि तेथे त्याच्या ताटाविषयी निर्णय करताना आजीचे प्रेम व डॉक्टरांचे ज्ञान यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी.